एफए कप (इंग्लंडचा नॉकआउट फुटबॉल कप) फायनल २०२५ : क्रिस्टल पॅलेसनं मँचेस्टर सिटीला हरवलं ते नशिबानं का प्लॅननं?

पार्कमैदान_सर (११ ऑगस्ट, सकाळी ८.१०)

काल रात्री कम्युनिटी शिल्डला, म्हणजे लीग जिंकलेल्या आणि कप जिंकलेल्या टीमच्या मॅचला, पॅलेसनं लिव्हरपूललापण पाडलं, २-२ आणि मग पेनल्टीवर ३-२, आणि दहा मिनिटांत आमच्या ग्रुपवर सुरू, की मे मध्ये पण नशीब होतं आता पण नशीबच. ते वाचून राहवेना म्हणून हा धागा काढतोय. खरं तर फायनल झाली १७ मे ला, तेव्हाच लिहायचं होतं, पण ती मॅच संपली आणि त्याच पहाटे आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जीव गेले, नंतर कितीतरी दिवस गावात कुणाला खेळाबद्दल बोलावंसं वाटलं नाही. आता शांतपणे पूर्ण मॅच परत बघितली आणि लिहायला बसलो.

माझं म्हणणं सरळ आहे. ती मॅच पॅलेसनं ठरवून जिंकली. बॉल पाऊणपेक्षा जास्त वेळ सिटीकडं होता, वीसच्या वर शॉट सिटीनं मारले, मान्य. पण ते शॉट कुठून मारले ते बघा. पॅलेसचे कोच ग्लासनर सरांनी ३-४-२-१ लावलं, म्हणजे मागं तीन, मधे चार, पुढं दोन आणि सगळ्यात वर एक. बॉल गेला की दोन्ही विंगबॅक, म्हणजे कडेनं वरखाली पळणारे मुन्योझ आणि मिचेल खाली येतात, मागं पाच होतात, त्यांच्यापुढं वॉर्टन, कमादा आणि बाजूला सार आणि एझे असे चार, आणि एकटा मटेटा वर. मधली जागा बंद. सिटीला सांगितलं की घ्या, बाजूनं फिरवा, क्रॉस मारा, पाहिजे तेवढे मारा. लाक्रोआ, गेही, रिचर्ड्स हे तिघे बॉक्समध्ये उभेच होते त्यासाठी.

आणि गोल बघा, १६ वं मिनिट. त्याआधी सिटीनं दाबून धरलं होतं, हालँडचा एक जवळून, ग्वार्डिओलचा एक हेडर, दोन्ही पॅलेसचा कीपर हेंडरसननं काढले. मग बॉल आला मटेटाकडं, पाठीवर माणूस घेऊन त्यानं तो टिकवला, उजवीकडून मुन्योझ पळत सुटला, क्रॉस, आणि एझेनं पहिल्या टचला व्हॉली आत. सिटीचा कोच पेप गार्डिओलानं त्या दिवशी मधे डिफेन्सिव्ह मिडफिल्डर ठेवलाच नव्हता, बर्नार्डो आणि डी ब्रुयना मधे, पुढं सावीनो, मार्मूश, डोकू, हालँड सगळे अटॅकवाले. ती मोकळी जागा ग्लासनरनं हेरली होती असं मला वाटतं. बॉल मिळाला की तीन-चार पासमध्ये समोरच्या बॉक्समध्ये, हे पॅलेस सगळा सीझन करत होतं.

बोला.

आकाशी_निळा (११ ऑगस्ट, सकाळी ९.०२)

सर, तुमचा मान राखून बोलतो, पण तुम्ही मेन गोष्टच सोडलात की. गोल झाल्यावर थोड्या वेळानं लांब बॉल आला, हालँड पळत होता, आणि हेंडरसननं बॉक्सच्या बाहेर येऊन हातानं बॉल ढकलला. बॉक्सच्या बाहेर! हातानं! त्याला तिथंच लाल कार्ड पाहिजे होतं, पॅलेस दहा जणांवर एक तास खेळलं असतं, दुसरा कीपर आला असता आणि ती पेनल्टी त्यानं वाचवली असती का? मग कसला प्लॅन ओ. मी सिटीवाला आहे म्हणून बोलत नाही, कुणीपण असतं तरी हेच बोललो असतो.

जुळे_सोलापूर_९ (११ ऑगस्ट, सकाळी ९.१५)

+१ निळ्या. ते बघून मी टीव्हीसमोर उभाच राहिलो होतो बे. हात एवढा क्लिअर दिसत होता.

शिट्टी_आणि_कार्ड (११ ऑगस्ट, सकाळी ११.४०)

मी शालेय स्पर्धांना रेफ्री म्हणून उभा राहतो म्हणून जरा नियम सांगतो, भांडण नको.

बाहेर हात लागला म्हणजे आपोआप लाल कार्ड असं नाही. कीपर बॉक्सच्या बाहेर आला की तो बाकीच्या दहा जणांसारखाच खेळाडू, हात लागला तर फ्री किक. लाल कार्ड तेव्हा, जेव्हा स्पष्ट गोलची संधी हिरावली जाते. ती स्पष्ट आहे की नाही हे ठरवताना चार गोष्टी बघतात : गोलपासूनचं अंतर, खेळ कुठल्या दिशेनं चालला होता, बॉल खेळाडूच्या ताब्यात आला असता का, आणि डिफेंडर किती आणि कुठं होते. त्या दिवशी व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघून तपासणाऱ्या रेफ्रीनं, दिशेवर बोट ठेवलं. बॉल गोलकडं नाही तर बाजूला चालला होता, हालँड गोलपासून लांब जात होता. म्हणून लाल नाही.

आणि लाल नाही म्हटल्यावर व्हीएआर नुसती फ्री किक देऊ शकत नाही. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड, त्या सीझनला एवढ्यातच त्याला बोलता यायचं. त्यामुळं सिटीला काहीच मिळालं नाही आणि लोकांना ते जास्त लागलं.

आता माझं स्वतःचं मत विचाराल तर फ्री किक मैदानावरच दिसायला पाहिजे होती, आणि हालँडचा पळण्याचा वेग बघता मी लाल कार्डकडं झुकलो असतो. पण व्हीएआरनं जे केलं ते नियमात बसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आकाशी_निळा (११ ऑगस्ट, सकाळी ११.५२)

शिट्टी साहेब, तुम्हीच लाल म्हणलात, विषय संपला.

शिट्टी_आणि_कार्ड (११ ऑगस्ट, दुपारी १२.०५)

झुकलो असतो म्हणालो, निळेराव. पूर्ण वाचा.

कीपरची_आई (११ ऑगस्ट, दुपारी १.३०)

मी इथं नेहमी वाचते, लिहीत नाही. माझा मुलगा चौदा वर्षाखालच्या टीममध्ये गोलकीपर आहे म्हणून लिहावंसं वाटलं. लाल कार्डवर तुम्ही सगळे एवढं बोललात पण ३६ व्या मिनिटाच्या पेनल्टीवर एकच ओळ आली, ती पण "वाचवली असती का" एवढीच.

मिचेलनं बर्नार्डोला पाडलं, पेनल्टी. सगळ्यांना वाटलं हालँड मारणार आणि त्यानं बॉल मार्मूशला दिला. हेंडरसन उजवीकडं झेपावला आणि बॉल थांबवला. मॅच झाल्यावर तो जे बोलला ते मी मुलाला मुद्दाम ऐकवलं, की हालँड कुठं मारेल याची खात्री नव्हती पण मार्मूश कुठं मारणार ते माहीत होतं. म्हणजे त्यानं अभ्यास केला होता. आमच्याकडं कीपरला कुणी अभ्यास करायला सांगत नाही. ज्याला पळता येत नाही किंवा जो उंच आहे त्याला उभा करतात आणि गोल झाला की सगळे त्याच्याकडंच बघतात. मुलगा घरी येऊन गप्प बसतो, जेवत नाही नीट.

आणि हेंडरसनचे वडील त्या सीझनच्या सुरुवातीलाच वारले होते. तो बोलला की आज बाबा सोबत होते. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते वाचून. नशीब म्हणताना एवढं तरी लक्षात ठेवा.

पार्कमैदान_सर (११ ऑगस्ट, दुपारी २.१०)

ताई, लिहीत जावा तुम्ही. माझ्या प्लॅनच्या मुद्द्यात हा मुद्दा पाहिजेच होता. कीपरनं पेनल्टी मारणाऱ्याच्या आधीच्या किक बघून ठेवणं ही आता प्रत्येक मोठ्या क्लबची रोजची तयारी आहे. आणि हालँडनं का दिली याचं उत्तर पण त्या सीझनमध्येच आहे, मार्चमध्ये ह्याच कपच्या क्वार्टर फायनलला बोर्नमथविरुद्ध त्याची पेनल्टी वाचवली होती. मनात शंका असताना मारण्यापेक्षा दुसऱ्याला दिली, यात मी त्याला दोष देणार नाही.

पूर्वभाग_पोरगा (११ ऑगस्ट, दुपारी ३.४५)

परवा मार्कंडेय रथाच्या मिरवणुकीत नाचून पाय दुखायलेत तरी लिहितो कारण विषय पॅलेसचा हाय!

१७ मे ला आमच्या घरात सगळे आयपीएल लावून बसलेले, आठवडाभर बंद पडलेली आयपीएल त्याच दिवशी परत सुरू, आरसीबी-केकेआर, आणि बेंगळुरूत धो धो पाऊस, टॉससुद्धा झाला नाही. रिमोट माझ्या हातात आला तो त्यामुळं. रात्री नऊला फायनल सुरू झाली आणि घरातल्या कुणालाच पॅलेस म्हणजे काय माहीत नाही, मी सांगत बसलो, १९०५ चा क्लब, साउथ लंडनचा, आजपर्यंत एक पण मोठा कप नाही. नायना (आमचे वडील) म्हणाले मग आज ह्यांनाच जिंकू दे की रे. झालं, अख्खं घर पॅलेसवालं.

मॅचच्या आधी पॅलेसच्या पब्लिकनं स्टँडमध्ये एवढा मोठा बॅनर उघडला, एक बाप आणि त्याची दोन पोरं ओरडत मिठी मारतायत. ती खरी माणसं आहेत, २०११ ला पॅलेसनं मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ग्राउंडवर लीग कपमध्ये हरवलं तेव्हाचा फोटो. तो बाप नंतर वारला, पोरं फायनलला स्टँडमध्ये होती. आमच्या नायनांना हे सांगितलं तर ते सेकंड हाफभर बोलले नाहीत, फक्त सिटीचा कॉर्नर आला की देवाचं नाव घ्यायचे. शेवटी दहा मिनिटं एक्स्ट्रा दिली ना, ती संपेचनात बे. सिटीनं एचेव्हेरी म्हणून नवीन पोराला पदार्पणालाच उतरवलं, तो पण चान्स हेंडरसननं वाचवला.

नशीब म्हणणाऱ्यांनी जरा मागचं बघा. सप्टेंबर १९८९ मध्ये लिव्हरपूलनं पॅलेसला ९-० मारलं होतं. त्याच सीझनच्या सेमीफायनलला पॅलेसनं त्याच लिव्हरपूलला ४-३ हरवलं. फायनलला युनायटेडशी ३-३, इयान राइट सबस्टिट्यूट येऊन दोन गोल, आणि मग परत खेळवलेल्या मॅचला (रिप्ले) १-० हारले. २०१६ ला परत फायनल, परत युनायटेड, ७८ व्या मिनिटाला पंचननं गोल मारला, तीनच मिनिटांत माटानं फेडला आणि एक्स्ट्रा टाइमला लिंगार्ड. मधल्या काळात २०१० ला क्लब दिवाळखोरीत, बंद पडायच्या बेतात, चार फॅन लोकांनी मिळून घेतला म्हणून वाचला. आणि कप जिंकलेल्या ह्या सीझनला पण पहिल्या आठ लीग मॅचमध्ये एक पण विजय नव्हता. नशीब असतं तर एवढी वाट बघायला लागली असती का.

रंकाळ्यावरून_परत (११ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०)

पूर्वभाग, मस्त लिहिलंस.

मी कॉलेजला कोल्हापुरात होतो म्हणून एक वेगळा मुद्दा. नॉकआउट काय असतं ते तिथं शाहू स्टेडियमला कळलं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा, एकेका तालमीमागं अख्खी पेठ. लीगला पण गर्दी असते, पण नॉकआउटच्या मॅचला ज्या टीमला कुणी विचारत नाही ती टीम सुद्धा शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत असते. लीगमध्ये तुम्ही अडतीस मॅच खेळता, पैसा आणि मोठा स्क्वॉड शेवटी वर येतोच, पॅलेस लीगमध्ये बारावं आलं आणि सिटी तिसरं, ते बरोबरच आहे. पण नव्वद मिनिटांत एका चांगल्या प्लॅनला वाव असतो. विगननं २०१३ ला ह्याच सिटीला फायनलला १-० हरवलं, बेन वॉटसनचा हेडर, आणि तीन दिवसांनी विगन खालच्या लीगमध्ये ढकललं गेलं. म्हणून मला नशीब का प्लॅन हा प्रश्नच अर्धवट वाटतो. नॉकआउटमध्ये प्लॅन नसेल तर नशीब येऊन उपयोग नाही, आणि नशीब दोन वेळा तरी लागतंच. सर, रेड कार्डच्या वेळी पॅलेस सुटलं हे मान्य करायला काय हरकत आहे?

सोलापुरात आपल्याकडं पोरांना वर्षात मोजक्या शालेय मॅच, पहिल्याच राउंडला हरले की वर्ष संपलं. नॉकआउटचा तोटा हा आहे. कोल्हापूरसारखी लीग आधी पाहिजे, मग कप.

डावा_पाय (११ ऑगस्ट, संध्याकाळी ७.०५)

मला एक कळत नाही, सगळे कौतुक करायलेत पण हे फुटबॉल हाय का? अकरा जण मागं उभे करायचे आणि एक गोल मारून नव्वद मिनिटं बॉल लाथाडायचा. आम्ही सरांकडंच शिकलो, सरांनीच सांगितलं की बॉल पायात ठेवा, पास करा. आता हीच मॅच पोरांना दाखवणार म्हणे सर. उद्या प्रत्येक पोरगं मागंच उभं राहील.

पार्कमैदान_सर (११ ऑगस्ट, रात्री ९.३०)

डाव्या, तुझा प्रश्न आवडला, म्हणून सविस्तर.

मागं बसणं आणि मागं बसून वाट बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसतं बसलेली टीम बॉल मिळाला की बाहेर मारते, परत येतो, परत मारते, आणि ऐंशीव्या मिनिटाला मोडते. पॅलेसनं काय केलं ते परत बघ. बॉल मिळाला की पहिली नजर मटेटाकडं. तो टिकवतो. तेवढ्यात सार एका बाजूनं, एझे दुसऱ्या बाजूनं आणि मुन्योझ तर विंगबॅक असून स्ट्रायकरसारखा वर. सेकंड हाफला मुन्योझनं बॉल जाळ्यात मारला होता, सार ऑफसाइड म्हणून व्हीएआरनं काढला. बस लावणारी, म्हणजे सगळे गोलसमोर उभे करणारी टीम दुसरा गोल करायला विंगबॅकला सहा यार्डच्या बॉक्सपर्यंत पाठवते का?

वॉर्टनचं वय तेव्हा एकवीस. समोर डी ब्रुयना. त्या पोरानं दबावात घाबरून बॉल फेकला नाही, एका टचमध्ये वळून पुढं पास. हेच मी तुम्हाला शिकवत होतो. बॉल थोडा वेळ मिळणार असेल तर तो जास्त नीट वापरायला लागतो. मागच्या पाच जणांमधलं अंतर सुद्धा बघ, लाक्रोआ पुढं सरकला की गेही आणि रिचर्ड्स लगेच आत. गेही डोळ्याला लागून बाहेर गेला, लेर्मा आला, तरी ती साखळी तुटली नाही. ही गोष्ट महिनोन्महिने सराव केल्याशिवाय होत नाही.

रंकाळा, तुझं उत्तर. रेड कार्डला पॅलेस सुटलं, हे मी नाकारलंच नाही. पण त्यानंतर पासष्ट मिनिटं आणि वर दहा मिनिटं सिटीसारख्या टीमला एक पण गोल करू दिला नाही, त्याला सुटणं म्हणत नाहीत. सेमीफायनलला व्हिलाला ३-०, क्वार्टरला फुलहॅमला ३-०, दोन्ही ठिकाणी असंच. आणि शालेय स्पर्धांबद्दल तू बोललास ते शंभर टक्के खरं. पोरांना मॅच पाहिजेत. मी गेली कित्येक वर्षं हेच बोंबलतोय.

पूर्वभाग_पोरगा (११ ऑगस्ट, रात्री १०.१५)

बातमी बघितली का?? क्रीडा लवादानं पॅलेसचं अपील फेटाळलं. युरोपा लीग गेली, त्याच्या खालची कॉन्फरन्स लीगच खेळायची. १२० वर्षांनी पहिला कप जिंकला, त्या कपमुळं युरोपा मिळाली आणि ती काढून घेतली. का तर मालकांपैकी एक टेक्स्टर, त्याचे पॅलेसमध्ये पण शेअर आणि फ्रान्सच्या लिऑन क्लबमध्ये पण. टेक्स्टरनं शेअर विकले सुद्धा, तरी नाही. मला खरंच रडू यायलंय.

आकाशी_निळा (११ ऑगस्ट, रात्री १०.३१)

हे मात्र चूक आहे. मी सिटीवाला असून सांगतो. मैदानात जिंकलेलं ऑफिसात काढून घेऊ नये. पॅलेसच्या जागी नॉटिंगहॅम फॉरेस्ट जाणार.

शिट्टी_आणि_कार्ड (११ ऑगस्ट, रात्री १०.५०)

वाईट मलापण वाटलं, पण नियम काय ते सांगतो. एकाच मालकाचा दोन क्लबवर निर्णायक ताबा असेल तर दोन्ही एकाच युरोपियन स्पर्धेत नकोत, कारण उद्या दोघांची आपसात मॅच लागली तर? ताबा सोडल्याचं दाखवायची मुदत होती १ मार्च. पॅलेस तेव्हा कपच्या पाचव्या राउंडला होतं, त्यांना स्वप्नात तरी वाटलं असेल का की मे मध्ये जिंकू. शेअर विकले ते नंतर. दोघांपैकी जो आपल्या देशाच्या लीगमध्ये वर आला त्याला प्राधान्य, लिऑन सहावं, पॅलेस बारावं. नियम चांगल्या हेतूचा आहे पण तारीख लीगच्या टेबलवरून येणाऱ्या क्लबांसाठी ठेवलेली आहे, कपातून येणाऱ्या क्लबाला ती कशी पाळता येणार. ती बदलायला पाहिजे.

कीपरची_आई (१२ ऑगस्ट, सकाळी ७.२०)

शिल्डच्या पेनल्टी शूटआउटमध्ये पण हेंडरसननं दोन वाचवल्या, मॅक अ‍ॅलिस्टरची आणि एलियटची. मुलानं लिहून ठेवलंय कोण कुठं मारतो ते. वहीच केली आहे त्यानं. सर, ती तुम्हाला दाखवायची आहे पण तो लाजतो.

पार्कमैदान_सर (१२ ऑगस्ट, सकाळी ७.४५)

ताई, त्याला म्हणावं वही घेऊन ये, सगळ्या पोरांसमोर तूच समजावून सांगायचं आहेस.

डावा_पाय (२४ ऑगस्ट, सकाळी १०.००)

धागा वर काढतो. एझे गेला आर्सेनलला. लहानपणी तेराव्या वर्षी ह्याच आर्सेनलनं काढून टाकलं होतं त्याला, मग फुलहॅम, रेडिंग, मिलवॉल सगळीकडून नकार, क्यूपीआरमध्ये मोठा झाला, पॅलेसला आला, टाचेची नस तुटून कितीतरी महिने बाहेर बसला. आणि वेम्बलीवरचा तो गोल. त्याच्यासाठी आनंदच आहे, पण पॅलेसचं कसं व्हायचं?

आणि सर, मी परत बघितली मॅच. पूर्ण नाही, सेकंड हाफ. फक्त मुन्योझलाच बघत बसलो. बॉल नसताना तो किती वेळा मागं वळून स्वतःची जागा बघतो ओ! बस लावली हे माझं मत अजून थोडं आहेच, पण विंगबॅकला मला खेळवून बघा एकदा.

पार्कमैदान_सर (२४ ऑगस्ट, सकाळी १०.४०)

बघू की. उजव्या बाजूला डावा पाय अडचणीचा ठरेल, क्रॉस मारताना बॉल आत घ्यावा लागेल. तुला डावीकडं, मिचेलच्या जागी उभा करतो. गणपती बसायच्या आधीचा हा रविवार आहे, संध्याकाळी पोरं लेझीमच्या सरावाला जातात म्हणून आज चार वाजता घेतोय. पंधरा मिनिटं फायनलचा पहिला भाग मोबाईलवर, मग मैदानात पाच विरुद्ध आठ, पाच जणांनी बॉक्स राखायचा आणि बॉल मिळाला की तीन पासात हाफ लाइन ओलांडायची. रंकाळा, तू येणार असशील तर आठच्या बाजूनं खेळ, कोल्हापूरचा पास दाखव पोरांना.

रंकाळ्यावरून_परत (२४ ऑगस्ट, सकाळी ११.०५)

येतो सर. दोन बॉल आणतो, एकातली हवा जाते पण चालेल. आणि निळ्यालापण आणतो ओढून.

आकाशी_निळा (२४ ऑगस्ट, सकाळी ११.०९)

येतो. पण ते लाल कार्ड होतं.